ताटकळलेले प्रवासी

स्टेशनच्या बाकावर कापडी पिशवी. पडद्यावरच्या नदीवर नवा पूल. खुर्चीखाली लेकानं मुका करून ठेवलेला फोन. रेल्वेच्या खेळात एका स्थानकावर लाल दिवा लागला: प्रवासी ताटकळलेत. त्यानं घाईघाईनं तिकडे जादा गाडी वळवली. आपल्या रेल्वे कंपनीत कुणी खोळंबलेलं त्याला खपत नसे. दिवेलागणीला दार वाजलं. बाहेर स्टेशनवरचा हमाल, हातात कापडी पिशवी, मागे आई. “घ्या तुमच्या मातोश्री. बाकावरून हलायलाच तयार नव्हत्या. म्हणे, लेकानं बजावलंय, मी येईपर्यंत उठू नकोस.” “अहो, कामात असेल तो,” म्हणत आई आत आली, चष्मा सावरत पडद्यापुढे वाकली. “बाई बाई, एवढ्या गाड्या तू एकटा चालवतोस?” हमालानं आधी पडद्याकडे, मग लेकाकडे पाहिलं. “चालवतात की, आजी. सगळ्या वेळेवर.” पिशवी घ्यायला लेकाचा हात पुढे होईना. आईची गाडी सकाळीच आली होती.