डावा कान

पुंजाराम हवालदारांचे दोन्ही कान तोफखान्यातल्या नोकरीनं नेले. माजी सैनिकांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, 'निधी कमी आलाय. यंदा एकाच कानाचं मशीन मिळेल. उजव्याला जास्त फायदा होईल.'

"डाव्याला बसवा," हवालदार म्हणाले.

"घ्या! सरकार आर्धं देतंय, आन् ह्यांना त्यातलंबी कमीच पाहिजे," त्यांची बायको गोजरबाई करवादली.

"डॉक्टरसाहेब, फटफटीवर ही मागं बसून कोल्हार ते भिंगार डाव्याच कानात बोलती. इतकी वर्सं नुसतं 'व्हय, व्हय' म्हनत आलो. आता ऐकून म्हनीन."

मशीन बसलं. परतताना हवालदारांनी गाडी मुद्दाम हळू चालवली. पण कोल्हार येईपर्यंत गोजरबाईला काय बोलावं तेच सुचेना.