बेचक्याची काठी

सुनेत्राला मैत्रिणींबरोबर जांबुघोड्याच्या जंगलात ट्रेकला जायचं होतं, पण तिचे आजोबा, बापू, अडून बसले. "जंगल म्हणजे काय कमाटीबाग वाटली? पोरीबाळींचं काम नाही ते!" असं म्हणत त्यांनी पुरावा म्हणून खुंटीवरची आपली शिकारीची काठी काढून तिच्या हातात दिली. वरच्या टोकाला बेचकं असलेली. हिच्या आधाराने त्यांनी दऱ्या-कोतरं पालथी घातलेली, आणि हिच्याच बेचक्यात बंदूक टेकवून उभ्याने बिबट्या लोळवलेला. तो बिबट्या दर दिवाळीला वीतभर वाढायचा.

सुनेत्राने काठी जमिनीवर उभी केली. बेचकं बरोबर तिच्या खांद्याशी आलं. मग तिने सहा फुटी बापूंशेजारी ती धरून पाहिली, तर बेचकं त्यांच्या पोटाशी!

"बापू, मग एवढं वाकून नेम कसा हो धरलात?"

बापूंना एकदम खोकला आला.

सुनेत्राएवढीच ठेंगणी लीलाआजी उंधियूची पापडी सोलत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"हे कशाला वाकतील? हे तर झाडावर होते. काठी माझ्या मापाची आहे, तुला चालेल. जा घेऊन."