घरी घेऊन जा

धम्मदीपनं बापाला बिडीचं बंडल आणून दिलं, ते रखमाबाईंना अजिबात रुचलं नाही. हाच पोरगा पंधरा वर्षं बिडीवरून बापाशी भांडत आला होता. आता स्वतःच काडी ओढून धरत होता आणि म्हणत होता, ओढा बाबा, मन मारू नका.

आठ दिवस घरात हेच चाललं होतं. बबनरावांनी नुसतं नाव काढायची खोटी, आडदिवशीही मटण शिजत होतं. शिरगावला दिलेली लेक भावना रोज येऊन बापाचे पाय चेपत होती. वांगणीचा धाकटा दीर किसन पाच वर्षांचा अबोला मोडून आला आणि भावाच्या गळ्यात पडून रडला. बबनराव सगळं मजेत करून घेत होते. म्हातारपण असावं तर असं, म्हणत होते. त्यांचं दुखतखुपत काहीच नव्हतं. नळावरचे दोन हंडे अजून तेच आणत.

रखमाबाईंनी भावनाला मोरीपाशी गाठलं आणि खरं काय ते काढून घेतलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत नळी लावल्यावर डॉक्टरला बाबांच्या मानेत वेगळाच आवाज ऐकू आला. सोनोग्राफीत दिसलं, मेंदूकडं जाणारी नस आतून बुजत आलीय. डॉक्टरनं धम्मदीपला एकट्याला आत बोलावलं. नसेच्या ऑपरेशनचा फायदा नाही, म्हणाला, घरी घेऊन जा.

रखमाबाईंच्या सासूलाही असंच घरी न्यायला सांगितलं होतं. ती तिसऱ्या दिवशी गेली. कॅम्प पाचच्या त्यांच्या वस्तीत या तीन शब्दांचा दुसरा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.

पण त्या रडल्या नाहीत, चिडल्या. वांगणीपर्यंत बातमी गेली आणि बायकोला शेवटी कळते? त्यांनी कपाटातून फाइल काढली. फाइलखाली महिन्याभराच्या गोळ्या तशाच पडल्या होत्या, एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. जाणाऱ्या माणसाचं तोंड कशाला कडू करायचं, असं दादा म्हणाला, भावना पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून रखमाबाई नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात गेल्या. डॉक्टर सिंधी होता, वयस्कर. कुणी बसा म्हणायची वाट न बघता त्या बसल्या.

"डॉक्टर, किती दिवस राहिले ते ह्यांच्या तोंडावर सांगा. माझा माणूस भित्रा नाही."

बबनराव बायकोकडं बघतच राहिले. डॉक्टरनं फाइल चाळली, चष्मा काढला.

"किसके कितने दिन, माताजी?"

मग त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. नस निम्मी बुजलीय, पण त्रास काहीच नाही. अशा वेळी कापाकापीत धोकाच जास्त. रोजच्या गोळ्या, ब्लड प्रेशर ताब्यात, बिडी बंद, सकाळचं चालणं, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातातला जोर गेला, अगदी घटकाभरासाठी का असेना, तर तसंच उचलून आणायचं. नाहीतर म्हातारा नातवंडांची लग्नं बघेल. मुलालाही तो हेच म्हणाला होता, ऑपरेशन में अभी फायदा नहीं, घर ले जाओ. त्यातलं 'अभी' काही मुलाच्या कानात शिरलं नव्हतं.

गोळ्या चालू आहेत ना, असं त्यानं विचारलं, तेव्हा रखमाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं मान खाली घालावी लागली.

परतताना रिक्षात बबनरावांनी न मागता बंडल बायकोच्या हातात दिलं. रखमाबाईंनी ते वाटेतल्या गटारात टाकून दिलं.

संध्याकाळी धम्मदीप ऑफिसातून आला, तो जिलेबीचा पुडा घेऊनच. रखमाबाईंनी त्याला बापासमोर बसवलं आणि डॉक्टरचा शब्द न शब्द ऐकवला. ऐकता ऐकता त्याचा बांध फुटला. आठ दिवस दाबून धरलेलं रडू बाहेर आलं. मला वाटलं, मला वाटलं, एवढंच तो म्हणत राहिला. त्यांनी त्याला पोटभर रडू दिलं. बबनराव तळहातावर गोळी घेऊन बसले होते.

"पंधरावी शिकलास, पण 'म्हणजे काय', एवढं विचारायला तुला तोंड फुटलं नाही," रखमाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनं ह्यांना जगायला घरी धाडलं होतं, धम्मदीप. मरायला आणलंस तू. ऊठ, पाणी आण बापाला."