वांग्यातला सम्राट

नाक्यावरच्या शिपायाने बरणीचं झाकण उघडलं, तसे नझीह मास्तर घाईघाईने टॅक्सीतून उतरले.

"मकदूस!" शिपाई खूश झाला. "घरचं दिसतंय!"

"माझ्या हातचं," मास्तरांची बायको फदवा टॅक्सीतून म्हणाली. तेलात मुरलेली, अक्रोड भरलेली वीस वांगी. त्यांतल्या चारांत अक्रोडाबरोबर एकेक रोमन नाणं होतं. आपसांत लढून एकाच वर्षात गादीवर बसलेले चार सम्राट! ते जमवायला मास्तरांनी तीस वर्षं घातली होती. सीमा अजून दहा किलोमीटरवर होती. जुनं नाणं सीरियाबाहेर नेताना सापडलेला तुरुंगात जाई, आणि तिथून कोणी परतल्याचं ऐकिवात नव्हतं.

शिपायाने नेमकं मधलं वांगं उचलून चावलं. कट्‌कन आवाज झाला. गाल धरून तो हातावर थुंकला. तेलाने माखलेलं काळपट नाणं.

"नकली आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "देवाशपथ."

"नकली, म्हणून वांग्यात लपवलंत? बघू या." शिपाई वाकला आणि त्याने ते नाक्यावरच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर टेकवलं.

"घासू नकोस रे, गाढवा!"

मास्तर बोलून गेले. दोन हजार वर्षांचा काळा थर एकदा गेला की परत येत नाही. नाणीवाल्याला ते आधी सुचतं, अक्कल मागून येते. फदवाने डोळे मिटून घेतले. नकली नाण्यासाठी कोणी असं ओरडत नाही. संपलो आपण, एवढंच त्यांना कळत होतं.

"कोण हा?" शिपायाने विचारलं.

"ओथो. सम्राट."

"किती वर्षं टिकला?"

"तीन महिने. मागे 'जगभर शांतता' असं लिहिलंय."

शिपायाने नाणं उलटून पाहिलं. नाक्याच्या भिंतीवर रंगवलेला झेंडा नवा होता. त्याखालून जुना अजून दिसत होता. लांब कुठेतरी तोफ धडाडली, तसं दचकून शिपायाने नाणं मुठीत घट्ट धरलं.

"हरला?"

"हो."

"आणि त्याचे शिपाई? त्यांचं काय झालं, काका?"

मास्तरांना ते ठाऊक होतं. शेवटपर्यंत इमानाने राहिलेल्यांना वेचून मारलं होतं.

"घरी गेले," ते म्हणाले. "सगळे."

शिपायाने नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. हे उत्तर मात्र त्याने घासून पाहिलं नाही.