उद्या काढता येणारे पैसे

सल्लागाराने तीन रंगांची तीन माहितीपत्रकं टेबलावर मांडली, तेव्हा टेलरमास्तरांनी सवयीने प्रत्येकाची कड आधी बोटांत धरून चाचपली. दुकान विकून महिना झाला होता, तरी गळ्यातली टेप घरी ठेवायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. आजही ती शर्टावर लोंबत होती, आणि सल्लागार तिच्याकडे न बघण्याचा शिष्टाचार पाळत होता.

शेजारी मुलगी बसली होती. दुकानाच्या पैशांतले निम्मे मास्तरांनी स्वतःच्या पोटापाण्यासाठी बँकेत ठेवले होते. उरलेले निम्मे मुलीच्या नावाने फंडात टाकायला दोघं आली होती. कुठल्या फंडात, एवढंच ठरायचं होतं.

सल्लागार बोलण्यात वाकबगार होता. पहिला फंड शेअरचा. हजारो लोकांचे पैसे एकत्र करून मोठ्या कंपन्यांत लावायचे, वाढ भरपूर, वर करही वाचतो. फक्त तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही. दुसरा मिश्र, थोडे शेअर आणि थोडे कर्जरोखे, म्हणजे सासूही खूश आणि सूनही. तिसरा लिक्विड. त्याची वाढ गोगलगाईची, पण आज मागितले की उद्या पैसे खात्यात. हे तिसरं पत्रक त्याने दाखवलं तेही दाखवायची रीत म्हणून.

जावई आले नव्हते, पण त्यांचा सल्ला मुलीच्या मोबाइलमध्ये हजर होता. पहिलाच घ्या, असा. मोबाइल वाजला की मुलगी बोलता बोलता थांबे, वाचे, आणि पुढचं वाक्य जरा हळू आवाजात बोले.

मास्तरांचं लक्ष पत्रकांत नव्हतं, तिच्या खांद्यांकडे होतं. अंगातला निळा ड्रेस त्यांनीच शिवलेला होता. गेल्या वर्षात त्यांनी तो दोनदा आत घेतला होता, आधी एक इंच आणि मग दीड. डाएट चालू आहे, असं ती म्हणाली होती आणि त्यांनी मान डोलावली होती. पण डाएट करणाऱ्या बायका त्यांनी चाळीस वर्षं पाहिल्या होत्या. ड्रेस आत घेतला की त्या आरशासमोर गिरकी घेतात. ही आरशाकडे पाठ करून उभी राहिली होती. हिचा पगार कुणाच्या हातात जातो आणि बसच्या भाड्यासाठीही हिला कुणाकडे मागावं लागतं, हे त्यांच्या कानावर आलं होतं. विचारलं की ती हसायची आणि विषय बदलायची.

"उद्याच काढायचे झाले तर?" त्यांनी विचारलं.

"काका, उद्या काढायचे तर आज टाकायचे कशाला?" सल्लागार हसला.

"तिसरा लिहा."

सल्लागाराने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दहा वर्षांचा आलेख दाखवला, त्यावरून बोट फिरवलं. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात हे खरं, पण काकांचं तर दुधाने कधी तोंडच पोळलेलं नाही, असंही म्हणून पाहिलं. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाने कितीही हुज्जत घातली तरी कात्री कुठून चालवायची ते त्यांचं ठरलेलं असे. इथे तर गिऱ्हाईक तेच होते.

मुलगीही समजावू लागली. यात वाढ काहीच नाही, महागाईतच सगळं विरून जाईल. आणि मग टेबलाकडे बघत म्हणाली, "ते काय म्हणतील?"

ते म्हणजे कोण, हे सल्लागारालाही कळलं. त्याने तिसऱ्या फंडाचा अर्ज पुढे ओढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पैसे काढले तर कुठल्या खात्यात जमा करायचे, असं विचारलं. मुलीने नवऱ्याबरोबरच्या जोडखात्याचा नंबर सांगायला सुरुवात केली.

"तो नको," मास्तर म्हणाले. "तिचं एकटीचं खातं लिहा."

तसं खातं तिला नव्हतंच, पगारही जोडखात्यातच जमा होई. कधी लागलंच नाही, असं ती म्हणाली. बँक खालच्याच मजल्यावर आहे, तिथे आधी खातं उघडू, तोवर हा अर्ज इथेच राहू द्या, असं मास्तरांनी सांगितलं आणि ते उठले. सल्लागाराने पेनाला टोपण लावलं. या वेळी तो हसला नाही.

जिन्यात मोबाइल पुन्हा वाजला. मुलीने बघितलं. झालं का, असं विचारलेलं होतं. तिने उत्तर लिहायला अंगठा उचलला, तसाच थोडा वेळ धरला, आणि मोबाइल पर्समध्ये टाकून दिला. मास्तर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. ती दोन पायऱ्या वरच थांबली होती. ड्रेसची बगलेखालची शिलाई तिने चिमटीत धरली होती.

"बाबा, हा पुन्हा सैल करता येईल?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं.

"आत घेताना कापड कापलेलं नाही मी, दोन्ही वेळा," ते म्हणाले. "तू म्हणशील त्या दिवशी उसवून देतो."