गौरम्माची घागर

"नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला, एक तांब्या बास, सुघरा. गोदावरीत उभी राहिलीस तरी एकच."

अब्बांचा हा आवाज मुलींना शिकवणाऱ्या सुघरा आपांच्या कानात रोज असायचा. आज मात्र मदरशातल्या एकाही मुलीनं तांब्या उचलला नव्हता. लातूर जिल्हा नवा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. उदगीरच्या त्या वस्तीत पाणी उरलं होतं ते मदरशाच्या आडाला, तेही तळाशी. मग वसतिगृहातल्या मुलींनीच ठरवलं, वजूचं पाणी वस्तीला द्यायचं. आपण स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम, म्हणजे पाण्याविना वजू, करायचा. शेजारी माणूस तहानलेलं असेल तर तशी मुभा आहे, हे आपांनीच शिकवलेलं. मुलींना तर सणच झाला. कुणाची घागर आधी भरते, याची नुसती शर्यत लागली होती.

एकच घागर पोचवायची राहिली, वस्तीतल्या म्हाताऱ्या लिंगायत गौरम्माची. "सकाळीच आणून देते," असा आपांचा शब्द होता. पण हैदराबादहून परीक्षा घ्यायला बडी बी आल्या आणि आपांचा धीर सुटला. एवढ्या मोठ्या पाहुणीला वजूसाठी मातीवर हात टेकवायला कसं सांगायचं? घागर पडवीतच राहिली.

दुपारच्या नमाजआधी बडी बींनी मुलींचे धुळीचे हात पाहिले. मग घागर पाहिली.

"भरली घागर समोर, आणि तयम्मुम? हेच शिकवता?"

बडी बींनी नापसंती दाखवली की वसतिगृहाला कुलूप.

धाकट्या ताहेराला राहवलं नाही. "ती आमची न्हाई, बडी बी. गौरम्माआजीची हाय. आपांनी तुमच्या वजूला ठिवली."

"मग ती काय पिते?"

"काहीच न्हाई. लिंगपूजा झाल्याबिगर ती थेंब घेत न्हाई. अन् पूजेला पाणी न्हाई."

मागून कुणीतरी तिला चिमटा काढला.

"म्हणजे हे पाणी आधी पूजेला जाणार?"

"हाव," ताहेरा म्हणाली. "मग ती पिणार."

बडी बी उठल्या, अंगणात उतरल्या. गुडघ्यावर हात देत वाकल्या, दोन्ही तळवे मातीवर टेकवले आणि तोंडावरून फिरवले.

"तिला तहानलेली ठेवून माझा वजू कसा व्हायचा?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. तुम्ही परत येईपर्यंत आम्ही नमाजला थांबतो."

सुघरा आपांनी घागर कमरेवर घेतली आणि थेंबही सांडू न देता गौरम्माच्या दाराकडे निघाल्या.