सही देणारा

विनिपेगच्या बर्फात एफ्रेन गाडीत बॅगा कोंबत होता. त्याला इथं आणण्यासाठी सरकारला सही देणारा मित्र क्रिसान्तो धावत आला.

"कुठं निघालास रे?"

मनिलाच्या सवयीनं, बोटाऐवजी ओठ पुढे काढून, एफ्रेननं टोरोंटोची दिशा दाखवली.

"हा इथंच राहील असं लिहून दिलंय मी, हरामखोरा! आता माझ्या बहिणीला आणायचं तर माझ्या सहीला कुत्रं तरी विचारेल का?"

"तिकडं पगार बरा आहे, दादा."

त्याच ओठांवर क्रिसान्तोची मूठ बसली. मग बसतच राहिली. शेवटी त्यानंच त्याला उचलून इस्पितळात नेलं.

"कुणी मारलं?" नर्सनं विचारलं. एफ्रेननं तोंड भिंतीकडे वळवलं.

"बरं, इथं तुमचं कोण आहे?"

एफ्रेननं फाटके ओठ कसेबसे पुढे काढले आणि दाराशी मुठी लपवून उभ्या असलेल्या क्रिसान्तोकडे दाखवलं.